बाळाचे पहिले वर्ष आणि वजनकाटा



गळीत हंगाम सुरू झाला की पारावर एकच विषय असतो. ट्रॉलीत किती टन भरला, काट्यावर किती उतरला, तूट कशी आली. पाव टनाचा फरक दिसला तरी आपण काट्यावरच्या माणसाला दोनदा विचारतो, आणि पेमेंट खात्यावर पडेपर्यंत वजनाची पावती खिशात जपून ठेवतो. हे बरोबरच आहे. पण त्याच घरात चार महिन्यांचे नातवंड असते. त्याचे या महिन्याचे वजन किती, असे विचारले तर घरचा कर्ता माणूस म्हणतो, "चांगलं गुटगुटीत आहे की!" गुटगुटीत हे काही वजन झाले नाही.

हे मी दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. आरोग्य खात्याच्या नोकरीत मी घाटावरच्या गावांतून तीस वर्षे फिरलो, हजारो लेकरे तोलली, आणि माझ्या स्वतःच्या घरी चुकलो. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नात जन्मली तेव्हा दोन किलो नऊशे ग्रॅम भरली. महिन्याभरानंतर ती फार शांत झाली. रडणे कमी, झोप जास्त. सगळे म्हणत, "किती गुणाचं लेकरू आहे, आईले तरास नाही." मलाही तसेच वाटले. सव्वादोन महिन्यांची झाल्यावर उशिराच लस द्यायला नेली, तेव्हा काटा तीन किलो तीनशेवर थांबला. तो साडेचारच्या पुढे जायला हवा होता. लेकरू गुणाचे नव्हते, ते उपाशी होते. रडायलाही त्याच्या अंगात ताकद राहिलेली नव्हती. घरात आजीबाई दिवसातून चार वेळा घुटी आणि उकळलेले पाणी पाजत होत्या. एवढेसे पोट त्यानेच भरे, मग ते दूध कमी ओढी, आणि ओढले नाही की आईचे दूधही कमी येई. घुटी-पाणी बंद केले, रात्री धरून आठ-दहा वेळा अंगावर पाजायला लावले. तीन आठवड्यांत काटा हलला. ती नात आज कॉलेजात आहे, परंतु ते सव्वादोन महिने माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत.

म्हणून या लेखात बाळाच्या पहिल्या वर्षाचा हिशोब काट्यापासूनच मांडतो.

काटा काय सांगतो

पूर्ण दिवसांचे बाळ साधारण अडीच ते साडेतीन किलोचे असते. अडीचच्या खाली असेल तर ते कमी वजनाचे समजावे आणि जास्त जपावे. जन्मानंतर पहिल्या तीन-चार दिवसांत प्रत्येक बाळाचे वजन थोडे उतरते, त्याने घाबरू नये. दहा दिवस ते दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येते. आले नाही तर मात्र दाखवावे. तेथून पुढे पहिले तीन महिने दिवसाला २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे महिन्याला पाऊण किलोच्या आसपास वाढ व्हायला हवी. नंतर वेग मंदावतो. तीन किलोचे बाळ पाचव्या महिन्याच्या सुमारास सहा किलो आणि वर्षाला नऊ किलो, हा ठोकताळा लक्षात ठेवायला सोपा आहे.

एका वजनावरून फारसे कळत नाही. उसाच्या एका कांडीवरून एकरी उतारा सांगता येत नाही, तसेच हे. दर महिन्याचा ठिपका माता-बालक कार्डावर मांडावा आणि ठिपके जोडून रेघ पाहावी. रेघ वर चढत असेल तर बारीक बाळही ठीक आहे. रेघ आडवी झाली तर बाळ दिसायला कितीही गोंडस असो, काहीतरी बिघडले आहे. रेघ खाली आली तर पुढच्या महिन्याची वाट पाहू नये. हिरवा, पिवळा आणि केशरी असे पट्टे कार्डावर छापलेलेच असतात. अंगणवाडीत वजन फुकट होते. ते कार्ड पत्र्याच्या पेटीत सातबाऱ्याखाली दाबून ठेवायची वस्तू नाही, दर महिन्याला बाहेर काढायची आहे.

चीक आणि पाचवी

आपली म्हैस व्याली की पहिले काम कोणते? पारडू उठते का पाहायचे आणि त्याला चीक पाजायचा. चीक मिळाला नाही तर पारडू दगावते हे सालगड्यालाही ठाऊक असते. पण घरची सून बाळंत झाली की तोच पिवळसर, घट्ट चीक "खराब दूध" म्हणून पिळून टाकणारी घरे मी पाहिली आहेत, आणि त्यातली बरीच घरे म्हशी पाळणारी होती. बाईच्या चिकातही रोगाशी लढणारी द्रव्ये असतात. बाळ जन्मल्यापासून तासाभराच्या आत अंगावर घ्यावे. मध, गूळपाणी, साखरपाणी काही चाटवू नये. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको, त्यातील जंतूंमुळे लहान बाळाला लुळे पाडणारा विषार होऊ शकतो. सहा महिने पुरे होईपर्यंत आईचे दूध एवढेच अन्न आणि तेवढेच पाणी. चैत्र-वैशाखाच्या उन्हाळ्यातसुद्धा. डॉक्टरांनी सांगितलेले औषध वेगळे.

पाचवीला आपल्याकडे सटवाईची पूजा होते. ती रात्री येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, असे आपल्या आया-आज्या सांगत आल्या. मला वाटते, या समजामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे खरे दुःख असावे. विळ्याने किंवा गंजक्या ब्लेडने नाळ कापायची, वर राख किंवा शेण लावायचे, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून बाळ दूध ओढेनासे होऊन आखडत जायचे. तो धनुर्वात होता. गरोदरपणी आईला इंजेक्शने मिळू लागली, दवाखान्यात बाळंतपणे होऊ लागली, आणि २०१५ साली भारत आई व नवजात बाळाच्या धनुर्वातातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. पूजा अवश्य करावी. नाळेवर मात्र काही लावू नये, ती कोरडी ठेवावी, आपोआप गळून पडते. काजळ, नाका-कानात तेल, बंद खोलीत शेगडीची धुरी, हेही सोडून द्यावे. बाळंतिणीला ऊब हवी असते, पण बाळाच्या छातीला धूर सोसत नाही.

बाळ कमी वजनाचे असेल तर ऊब हेच मोठे औषध. पहिल्या दिवशी कोणत्याही बाळाला आंघोळ घालू नये. लहानग्याला आईने आपल्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यावे. आई थकली तर बापाने धरावे. आपले लोक याला फार लाजतात, पण एकदा धरले की मग खाली ठेवायला तयार होत नाहीत, असाही माझा अनुभव आहे.

गडचिरोलीची गोष्ट

वर्षभरात दगावणाऱ्या बाळांपैकी मोठा हिस्सा पहिल्या महिन्यातच जातो. त्या महिन्यात खेड्यात काय करता येईल, याचे उत्तर आपल्या विदर्भातूनच निघाले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. १९९५ पासून त्यांनी ३९ गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना शिकवून तयार केले. बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, जन्मतः न रडलेल्या बाळाला नळी-मास्कने श्वास देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून इंजेक्शन देणे, ही कामे त्या घरोघर जाऊन करू लागल्या. सुरुवातीला तेथे हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत असत. १९९७-९८ मध्ये तो आकडा २५ च्या घरात आला. ज्या गावांत हे काम नव्हते, तेथे असा फरक पडला नाही. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरी भेटी देऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती येते. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा.

माझी विनंती एवढीच, की तिला ओट्यावरून परत पाठवू नये. "सोयर आहे, आत येऊ नको," असे म्हणणारी मंडळी अजून आहेत. तिला हात धुवायला साबण-पाणी द्यावे आणि बाळाजवळ बसू द्यावे.

घड्याळ लावून श्वास मोजा

हे घरातल्या कोणालाही जमते, फक्त सेकंदकाटा हवा. मोबाइलमधले घड्याळही चालते. बाळ शांत असताना अंगावरचा कपडा वर करून पोटाचे वर-खाली होणे पूर्ण एक मिनिट मोजायचे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा जास्त, आणि दोन महिने ते वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त भरले, तर श्वास जलद आहे. लहानग्याचे साठ भरले तर एकदा पुन्हा मोजावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला आपण "पोट उडते" म्हणतो, तर तो न्यूमोनिया समजून निघावे. सातपुड्याच्या अंगाला अशा वेळी पोटावर तापल्या विळ्याचे चटके देण्याची चाल होती. ती अजून कोठे कोठे दिसते. चटक्याने फुप्फुसातला जंतू मरत नाही. बाळाच्या वेदनेत जखमेची भर पडते आणि दवाखान्याचा अर्धा दिवस वाया जातो.

महिन्या-दोन महिन्यांच्या बाळाने दूध ओढायचे सोडले, हातपाय ढिले टाकले, तळपाय गार पडले किंवा अंग तापले, झटका आला, पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत उतरला, बेंबीतून पू आला, तर यातील एकही गोष्ट सकाळपर्यंत थांबायची नाही. १०८ नंबरची गाडी बोलवावी. सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतील आजारी बाळाचा उपचार, औषधे आणि नेणे-आणणे मोफत आहे. खाजगीत आधी दाखवून पैसे संपल्यावर सरकारीत नेण्याची आपली रीत उलटी आहे. वाटेत बाळ छातीशी गुंडाळलेले असावे आणि ओढत असेल तर दूध चालू ठेवावे.

येथे एक कडू गोष्ट लिहिणे भाग आहे. सिंदखेडराजाला जिजाऊंचा जन्म झाला याचा आपल्याला अभिमान आहे, दर १२ जानेवारीला आपण ट्रॅक्टर भरून जातो. त्याच आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेला सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८५५ मुली भरल्या. गर्भातच काय होते ते सर्वांना माहीत आहे. परंतु जन्मलेल्या मुलीचेही पाहावे. नातवाला ताप आला तर रात्री जीप काढून बुलडाण्याला नेतात. नातीला आला तर, "बाजाराच्या दिवशी नेऊ." न्यूमोनियाला मुलगा-मुलगी कळत नाही आणि बाजाराचा वारही कळत नाही.

हसणे, बसणे, उभे राहणे

दीड-दोन महिन्यांचे बाळ आईच्या तोंडाकडे पाहून हसते. तीन-चार महिन्यांत मान धरते, पुढे कुशीवर वळते, पालथे पडते. सहाव्या महिन्यात आधाराने बसते, हाक आली तिकडे वळते, आठ-नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसते, 'बाबा-दादा' असे आवाज काढते. वर्षाच्या सुमारास धरून उभे राहते. काही बाळे तेव्हाच चालतात, काही पंधरा महिने घेतात. काही रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. शेजारच्या बाळाशी शर्यत लावू नये. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्याला तेवढे आठवडे सूट द्यावी. पण पाच महिन्यांचे होऊनही मान धरत नाही, सहा महिन्यांचे झाले तरी आवाजाकडे पाहत नाही, दहाव्या महिन्यात बसत नाही, तर "त्याचा बापही उशिरा बसला होता" असे म्हणून सोडू नये. ऐकू न येणाऱ्या बाळावर लवकर उपचार झाले तर ते बोलायला शिकू शकते. उशीर झाला की ते कठीण होत जाते.

उष्टावण, आणि साखरेचा प्रश्न

सहा महिने पुरे झाले की उष्टावण करण्याची आपली जुनी चाल शास्त्राला धरून आहे. त्यानंतर नुसत्या दुधावर रेघ चढत नाही. चूक होते ती पातळ देण्यात. वरणाचे वरचे पाणी म्हणजे अन्न नाही, ते रंगीत पाणी आहे. चमचा तिरपा केला तरी ओघळणार नाही असा घट्ट मऊ वरणभात, मुगाची खिचडी, ज्वारीच्या कण्या, वर तूप किंवा तेल, चालत असेल तर अंडे, असे द्यावे. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा, नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा, आणि अंगावरचे दूध चालूच. सहाव्या महिन्यापासून लोहाचे औषध आठवड्यातून दोनदा एक मिली द्यायचे असते, ते आशाताईकडे मिळते. चहात बुडवलेले बिस्किट हा खाऊ नव्हे.

आता साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहिताना जरा अवघड वाटते, पण दोन वर्षांपर्यंत बाळाच्या जेवणात वरून साखर घालू नये. सभासदांची साखर घरात पोत्याने असते, म्हणून ती बाळाच्या वाटीत पडायला नको. जिभेला गोडाची चटक लागली की वरणभात मागे पडतो.

एका जागी मात्र हीच साखर जीव वाचवते. जुलाबात बाळ मरते ते अंगातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे. नुसते पाणी आतड्यात नीट शोषले जात नाही. साखरेतून निघणारे ग्लुकोज आणि मीठ एकत्र असले की ते आतड्याच्या अस्तरातून जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्यामागून जाते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले. माणसे शेकडा ३० मरत होती, ती चारच्या आत आली. पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवावी आणि चमच्या-चमच्याने पाजावी. पुडी नसेल तर लिटरला सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून अंदाजपंचे नको. अंगावरचे दूध थांबवू नये. जस्ताची गोळी चौदा दिवस द्यावी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला वीस मिलिग्रॅमची अर्धी आणि त्यापुढे एक. टाळू खोल गेली, डोळे आत ओढले, शौचात रक्त दिसले किंवा बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल, तर पुडी पाजत पाजतच दवाखाना गाठावा.

फडातले बाळ

आपल्या घरचे लेकरू पाळण्यात असते. आपल्या उसाच्या फडात आणखी एक लेकरू असते, ते ट्रॉलीला किंवा बाभळीला बांधलेल्या झोळीत. आपल्याच सिंदखेडराजा-लोणार भागातील किती तरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिमेकडे जातात, तेव्हा ही झोळी आपल्याला अनोळखी नाही. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. बाई पहाटेच्या थंडीत फडात उतरते आणि बाळ तिच्याबरोबर येते. मोळ्या वाहताना दूध पाजायला बसली की मुकादम हाका मारतो.

गेल्या हंगामात आमच्या भागात एका सभासदाच्या फडात असेच पाच महिन्यांचे लेकरू होते. सभासद बांधावर आले तेव्हा ते कण्हत होते. आई म्हणाली, "सर्दी हाय मालक, पाचटाच्या धुरानं." त्यांनी या विषयावरच्या एका बैठकीत ऐकले होते, म्हणून मनगटावरचे घड्याळ पाहून श्वास मोजले. अडुसष्ट भरले, आणि बरगड्यांखाली खड्डा पडत होता. मुकादमाने आधी ट्रॉली भरू द्या म्हटले. सभासद म्हणाले, "ट्रॉली उभी राहू दे बुवा, डिझेलचं माझ्याकडे लागलं." मोटारसायकलवर माय-लेकरू आरोग्य केंद्रात, तेथून १०८ ने मोठ्या दवाखान्यात. नवव्या दिवशी बाळ परत आले. मग कार्ड पाहिले, तर जन्माच्या वेळच्या बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब या लसींपुढे एकही खूण नव्हती. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी, ज्यांत न्यूमोनियाचीही येते, टोळीच्या फिरतीत राहून गेल्या होत्या. लस कोणत्याही गावच्या उपकेंद्रात मिळते आणि राहिलेल्या डोसामुळे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, हे त्या आईला कोणी सांगितले नव्हते. टोळी हलण्यापूर्वी आमच्या उपकेंद्रात राहिलेल्या लसींची सुरुवात झाली. पुढच्या डोसाच्या तारखा आणि नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची तारीख कार्डावर लिहून दिली.

फड सुरू होण्याआधी मुकादमाशी उचल, वाहतूक, खुशाली बोलतो तेव्हाच टोळीत वर्षाच्या आतली लेकरे किती, हेही विचारावे. त्यांच्या आयांना दोन-अडीच तासांनी पाजायला सुट्टी मिळेल असे ठरवावे. झोळी ट्रॅक्टर मागे घेण्याच्या वाटेपासून आणि पाचट पेटवण्याच्या जागेपासून लांब बांधायला सांगावी, प्यायला विहिरीवरचे स्वच्छ पाणी द्यावे. आपल्या अंगणवाडीत या लेकरांची नोंद आणि वजन करता येते. उपकेंद्रातील लसीकरणाचा वार गावागणिक वेगळा असतो, तो आशाताईला विचारून मुकादमाच्या वहीत लिहून द्यावा.